लॅक्टोफेरिन: पुरावा कशाचा, दावा कशाचा

दुधातलं लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन करोनाच्या विषाणूला रोखतं, ही बातमी 2020 पासून अधूनमधून डोकं वर काढते आणि दर वेळी तोच वाद तसाच पेटतो. एक बाजू म्हणते, प्रयोगशाळेत सिद्ध झालंय, आईच्या दुधात असतं, दुष्परिणाम नाहीत, मग घ्यायला हरकत काय? दुसरी बाजू म्हणते, दुधानं कधी साथीचे रोग बरे होतात का, हा सगळा पूरक गोळ्या खपवण्याचा प्रकार आहे. दोन्ही बाजू ठाम आहेत आणि दोघींनीही मूळ प्रश्नाला हात घातलेला नाही. माझं मत आधीच सांगतो. लॅक्टोफेरिनचा विषाणूविरोधी गुण खरा आहे आणि त्याची थट्टा करणं चूक आहे. त्या गुणाच्या भरवशावर माणसांना कॅप्सूल घ्यायला सांगणं त्याहून मोठी चूक आहे, कारण माणसांवर झालेल्या बऱ्या दर्जाच्या चाचण्यांत ती कॅप्सूल उपयोगी ठरलेली नाही. पेशीत चालणारी गोष्ट रुग्णात चालत नाही, यात विरोधाभास काहीच नाही. औषधांच्या इतिहासात बहुतेक वेळा असंच घडत आलं आहे.

आधी त्या प्रथिनाला न्याय देऊ. गाईच्या दुधात ते पहिल्यांदा 1939 मध्ये आढळलं आणि 1960 मध्ये मानवी दुधातून ते शुद्ध स्वरूपात वेगळं करण्यात आलं. त्याची शुद्ध पूड पांढरी नसते, गुलाबीसर असते. हा रंग लोहाचा. रेणूला दोन पाळ्या असतात आणि प्रत्येक पाळी लोहाचा एक अणू घट्ट धरून ठेवते. जिवाणूंना वाढायला लोह लागतं. ते त्यांच्या तोंडून काढून घेणं हे या प्रथिनाचं सगळ्यात जुनं ओळखीचं काम. बाळंतपणानंतरच्या पहिल्या चिकाच्या दुधात ते लिटरमागे 5 ते 7 ग्रॅमपर्यंत असतं, पुढे कमी होत जातं. आपल्या अश्रूंत, लाळेत, नाकातल्या स्रावात ते असतं. संसर्गाच्या जागी धावून जाणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कणिकांत ते भरलेलं असतं. थोडक्यात, शरीराच्या ज्या ज्या दारातून जंतू आत येऊ शकतात, त्या त्या दारावर हे प्रथिन हजर आहे. शरीर इतक्या ठिकाणी एखादा रेणू उगाच ठेवत नाही.

विषाणूशी त्याचा संबंध कसा येतो, हेही समजून घेण्यासारखं आहे. दुधातली बहुतेक प्रथिनं ऋणभारित असतात, लॅक्टोफेरिन मात्र धनभारित. कारखान्यात दुधातून किंवा व्हेमधून (चीज करताना उरणाऱ्या पाण्यातून) ते वेगळं काढताना याच गुणाचा उपयोग करतात: ऋणभारित रेझिनच्या, म्हणजे राळेसारख्या कणांच्या, स्तंभातून द्रव सोडला की बाकीची प्रथिनं वाहून जातात आणि हे चिकटून राहतं. आपल्या पेशींच्या पृष्ठभागावर हेपरान सल्फेट नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात आणि त्याही ऋणभारित असतात. करोनाचा विषाणू पेशीवरच्या एसीई-2 या ग्राहीला, म्हणजे आत शिरायच्या दाराला, भिडण्याआधी आपल्या अंगावरच्या काट्यासारख्या स्पाइक प्रथिनानं याच साखळ्यांचा आधार घेतो. लॅक्टोफेरिन तिथे आधीच चिकटलेलं असेल, तर बसायच्या जागेवर आधीच कुणीतरी येऊन बसावं तशी विषाणूची गत होते. करोनाचाच भाऊबंद असलेल्या पहिल्या सार्सच्या विषाणूचं स्पाइक लावलेले नकली विषाणू वापरून हे 2011 मध्येच दाखवलं गेलं होतं. पुढे 2021 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1400 हून अधिक औषधं आणि संभाव्य औषधं संसर्ग झालेल्या मानवी पेशींवर तपासली. त्यांत हाती लागलेल्या 17 रेणूंपैकी एक लॅक्टोफेरिन होतं. हे शास्त्रज्ञ दूध विकायला बसले नव्हते. म्हणून ‘दुधात कसला आलाय विषाणूविरोधी गुण’ असं म्हणणाऱ्यांनी आपलं हसू आवरावं.

पण पेशींवरचा प्रयोग नक्की काय सांगतो? एका प्रकारच्या पेशी, त्यांच्यावर ठरावीक मात्रेचं द्रावण, ठरावीक वेळी सोडलेला विषाणू, आणि एक-दोन दिवसांनी मोजलेली वाढ. तिथे जठर नसतं, यकृत नसतं, रक्तप्रवाह नसतो, प्रतिकारशक्तीचा गोंधळ नसतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधाची आठवण इथे करून द्यावीच लागते. माकडाच्या मूत्रपिंडापासून बनवलेल्या व्हेरो पेशींत त्यानं करोनाचा विषाणू रोखला आणि जग त्याच्यामागे धावलं. मग त्याच वर्षी कळलं की मानवी फुप्फुसाच्या पेशींत ते रोखतच नाही, कारण विषाणू तिथे वेगळ्या वाटेनं आत शिरतो. तोवर 36 रुग्णांच्या एका फ्रेंच अभ्यासावर अनेक देशांची धोरणं बेतली गेली होती. तो लेख अखेर 2024 च्या डिसेंबरात मागे घेतला गेला. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हजारो रुग्णांवर ते तपासलं तेव्हा औषध घेतलेल्यांपैकी 27 टक्के आणि न घेतलेल्यांपैकी 25 टक्के रुग्ण 28 दिवसांत दगावले. फायद्याची खूणही नाही. आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाची गोष्ट आणखी बोलकी आहे. मेलबर्नच्या प्रयोगशाळेत त्यानं 48 तासांत विषाणूचं प्रमाण सुमारे 5000 पटींनी उतरवलं. आकडा खराच होता, पण त्या बशीत जितकी मात्रा होती तितकी माणसाच्या रक्तात यायला नेहमीच्या डोसच्या कितीतरी पट औषध द्यावं लागलं असतं. पुढच्या मोठ्या चाचण्यांत ते निष्फळ ठरलं.

लॅक्टोफेरिनचा हाच हिशेब मांडून पाहू. पेशींवरच्या प्रयोगांत परिणाम दिसतो तो मिलिलिटरमागे काही दशक ते काही शेकडा मायक्रोग्रॅमच्या पातळीला. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात ते मिलिलिटरमागे एखाद्या मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं. गाईच्या दुधात लिटरमागे साधारण 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे आपल्या स्वतःच्या अश्रूंत ते गाईच्या दुधाच्या जवळपास 20 पट दाट असतं. रुग्णांवरच्या चाचण्यांत रोज 600 ते 1000 मिलिग्रॅम दिलं गेलं. तेवढं दुधातून मिळवायचं तर रोज 6 ते 10 लिटर दूध प्यावं लागेल, आणि तेही फार न तापवलेलं, कारण तीव्र उष्णतेत या प्रथिनाची घडी मोडते. तेव्हा ‘दूध प्या, करोना टाळा’ हा निष्कर्ष कुठल्याच प्रयोगातून निघत नाही. राहिली कॅप्सूल. 80,000 डाल्टन (रेणूचं वजन मोजायचं एकक) वजनाचं हे प्रथिन गिळल्यावर जठरातलं पेप्सिन हे पाचक द्रव्य त्याचे तुकडे करायला लागतं. मोठ्या माणसाच्या आतड्यातून ते अखंड रक्तात पोचण्याचं प्रमाण नगण्य असतं, फुप्फुसापर्यंत पोचणं तर दूरच.

इथे समर्थकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा येतो आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, तुकडे झाले म्हणून काम संपत नाही. पेप्सिननं कापल्यावर निघणारा लॅक्टोफेरिसिन हा तुकडा जिवाणूंवर मूळ प्रथिनापेक्षाही जास्त चालतो. आतड्याच्या अस्तरात लॅक्टोफेरिनची ग्राही असते. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा साठा आतड्याभोवतीच असतो, म्हणजे रक्तात न जाताही ते दाहाला लगाम घालू शकेल. हे सगळं शक्य आहे, आणि यातला काही भाग प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलाही आहे. मात्र मुद्दा इथे सरकलेला असतो. विषाणूला पेशीच्या दारात अडवतं हा दावा होता. आता आतड्यातून प्रतिकारशक्तीला वळण लावतं असं म्हटलं जातंय. दुसऱ्या दाव्याला पहिल्याचा पुरावा कसा चालेल? पेशींवरचे प्रयोग दाखवून कॅप्सूल विकायची आणि कॅप्सूल पोचत नाही म्हटलं की आतड्याकडे बोट दाखवायचं, असं करून चालणार नाही. जो मार्ग सांगाल त्याच मार्गाचा पुरावा माणसात दाखवावा लागेल.

तर मग माणसात काय दिसलं? रोममध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पोटातून आणि नाकातून लॅक्टोफेरिन दिलेले रुग्ण लवकर निगेटिव्ह झाले, असं सांगितलं जातं. हे खरं आहे. पण लॅक्टोफेरिन मिळालेले रुग्ण 32 होते, आणि तुलनेला घेतलेले काही रुग्णालयात नेहमीचे उपचार घेणारे, तर काही घरीच औषधाविना राहिलेले होते. गटच मुळात सारखे नसतील, तर फरक औषधाचा की रुग्णांचा हे कसं कळणार? पेरूमध्ये सुमारे 200 आरोग्य कर्मचाऱ्यांवर प्रतिबंधक म्हणून ते तपासलं. घेणाऱ्यांना संसर्ग कमी झाला नाही. इटलीत रुग्णालयात दाखल 218 रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत विभागून एका गटाला रोज 800 मिलिग्रॅम लॅक्टोफेरिन आणि दुसऱ्याला तसंच दिसणारं निष्क्रिय औषध दिलं. 2023 मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा अतिदक्षता विभागात जाणं, कशातच फायदा नाही. चाचणी जितकी काटेकोर, तितका लॅक्टोफेरिनचा प्रभाव फिका पडत गेला आहे.

असा उतार या प्रथिनाच्या वाट्याला पहिल्यांदाच आलेला नाही, आणि करोनाच्या वादात ही जुनी गोष्ट कुणीच काढत नाही याचं मला वाईट वाटतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रक्तात जंतुसंसर्ग होण्याचा मोठा धोका असतो. आईच्या दुधात भरपूर असणारं प्रथिन या बाळांना वरून दिलं तर? कल्पना अतिशय सयुक्तिक. 2009 मध्ये इटलीतल्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेल्या 472 बाळांच्या चाचणीत निकाल थक्क करणारा आला: उशिरा होणारा रक्तातला संसर्ग 17.3 टक्क्यांवरून 5.9 टक्क्यांवर. ही चाचणीही व्यवस्थित विभागणी करून केलेली होती, नामांकित नियतकालिकात छापून आली होती. तेव्हा कुणी ‘आता आणखी काय पुरावा हवा’ म्हटलं असतं तर त्याला दोष देणं कठीण होतं. सुदैवानं ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तसं म्हटलं नाही. त्यांनी 2203 बाळांवर चाचणी घेतली, 2019 मध्ये निकाल छापला. लॅक्टोफेरिन मिळालेल्यांत संसर्ग 29 टक्के, न मिळालेल्यांत 31 टक्के. हा फरक योगायोगानंही येऊ शकतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या दीड हजारांवर बाळांच्या चाचणीतही ठोस फायदा दिसला नाही. प्रौढांच्या बाबतीत तर याहून गंभीर घडलं. जैवतंत्रज्ञानानं बनवलेलं मानवी लॅक्टोफेरिन, टॅलॅक्टोफेरिन या नावानं, गंभीर सेप्सिसच्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या, रुग्णांना दिलं. पहिल्या छोट्या चाचणीत मृत्यू कमी झाल्याचं दिसलं; पुढची मोठी चाचणी 2012 मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होत होते.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ म्हणणाऱ्यांनी या शेवटच्या वाक्यापाशी थांबावं. खाण्यातून गाईचं लॅक्टोफेरिन निरोगी माणसाला सहसा बाधत नाही, हे मी मान्य करतो. दुधाची ॲलर्जी असणारे सोडले तर ते सुरक्षितच आहे आणि बाळांच्या दुधाच्या पावडरीतही ते घातलं जातं. पण निरोगी माणसाला न बाधणारी गोष्ट अत्यवस्थ माणसाला बाधणार नाही, हे कशावरून? फिनलंडमधल्या 29,133 पुरुष धूम्रपान करणाऱ्यांची चाचणी 1994 मध्ये प्रसिद्ध झाली. बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं द्रव्य, गोळीतून दिलं होतं. भाज्या-फळं खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, ही निरीक्षणं समोर होती. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. बीटा-कॅरोटीन काही कारखान्यात जन्मलेलं विष नव्हतं. आणि निसर्गाच्या नावाचा आदर करायचा तर क्विनीनचा, आर्टेमिसिनिनचा करावा; दोन्ही वनस्पतींतून आलेली मलेरियावरची औषधं. आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांनी 1971 मध्ये एका रानटी वनस्पतीतून कमी तापमानावर ईथर वापरून अर्क काढला, तो प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला, मग रुग्णांना दिला, मग त्यातला क्रियाशील रेणू वेगळा केला. त्या वनस्पतीला नोबेलपर्यंत नेलं ते या पायऱ्यांनी. ती नैसर्गिक आहे म्हणून कुणी तिला एकही पायरी माफ केली नव्हती.

आणखी एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: नैसर्गिक प्रथिनाचं पेटंट मिळत नाही, म्हणून कंपन्या चाचण्या करत नाहीत, म्हणून पुरावा नाही. यात तथ्य आहे. औषधांच्या संशोधनाचा पैसा नफ्याच्या वाटेनं वाहतो आणि स्वस्त द्रव्यं दुर्लक्षित राहतात. त्यावर राग यायलाच हवा, मलाही येतो. पण करोनातलं सगळ्यात मोलाचं औषध कोणतं ठरलं? डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. अनेक दशकं जुनं, पेटंट केव्हाच संपलेलं, मातीमोलानं मिळणारं. सार्वजनिक पैशांवर चाललेल्या रिकव्हरी चाचणीनं मार्च 2020 मध्ये रुग्ण घ्यायला सुरुवात केली आणि 16 जूनला निकाल जाहीर केला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटले. ऐन साथीत, तीन महिन्यांच्या आत. म्हणजे ‘साथीत चाचणीला वेळ कुणाला’ हेही टिकत नाही. आणि लॅक्टोफेरिनवर चाचण्याच झाल्या नाहीत असंही नाही; बाळांवरची ब्रिटिश चाचणी सार्वजनिक पैशांतूनच झाली. पुरावा आला, पण तो हवा तसा आला नाही. नको असलेल्या निकालाला ‘पुरावा नाही’ म्हणणं प्रामाणिक नाही.

आता थट्टा करणाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांचीही चूक महागात पडू शकते. जेम्स लिंडनं 1747 मध्ये जहाजावरच्या स्कर्व्हीच्या, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगाच्या, 12 खलाशांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्यानं सुधारले. ब्रिटिश नौदलानं लिंबाचा रस सर्रास द्यायला 1795 उजाडलं. खाण्याच्या पदार्थानं इतका भयंकर रोग बरा होईल हे पटायला जवळपास अर्धं शतक गेलं आणि त्यात हजारो खलाशी मेले. त्यानंतरचा भाग कमी सांगितला जातो. एकोणिसाव्या शतकात नौदलानं मोठ्या पिवळ्या लिंबांऐवजी लहान हिरवी लिंबं आणली. त्यांत क जीवनसत्त्व बरंच कमी, आणि रस साठवताना, तांब्याच्या नळ्यांतून नेताना तेही नष्ट होई. 1875 च्या ब्रिटिश ध्रुवीय मोहिमेत स्कर्व्ही पुन्हा उसळली. मग तज्ज्ञांनी काय निष्कर्ष काढला? लिंबाचा सिद्धान्तच खोटा असावा. एका स्वरूपातलं अपयश हे मूळ द्रव्याचं अपयश मानलं गेलं. लॅक्टोफेरिनच्या बाबतीत हा धोका खराखुरा आहे. बाजारातल्या पुडींची शुद्धता सारखी नसते, लोहानं भरलेलं आणि रिकामं लॅक्टोफेरिन वेगवेगळं वागतं, प्रक्रियेतल्या उष्णतेनं त्याची घडी बिघडते, एंडोटॉक्सिन हे जिवाणूंच्या आवरणातलं विष त्याला चिकटून येऊ शकतं. गिळलेली कॅप्सूल हरली म्हणून हे प्रथिन कुठेच कामाचं नाही, असं म्हणता येत नाही.

माझ्या मते एकच जागा गंभीरपणे तपासण्यासारखी उरली आहे, ती म्हणजे नाक. विषाणू पहिल्यांदा पेशीला धरतो तो तिथेच, लॅक्टोफेरिन निसर्गतः असतं तिथेच, आणि फवाऱ्यातून प्रयोगशाळेतल्या पातळीइतकी मात्रा खरोखर पोचवता येते ती तिथेच. जठराचा अडसर नाही, रक्ताचा प्रश्न नाही. अशा कल्पनेला थोडा आधारही आहे: अर्जेंटिनात समुद्री शेवाळापासून काढलेल्या कॅराजिननचा नाकातला फवारा 394 आरोग्य कर्मचाऱ्यांवर तपासला, तेव्हा फवारा मारणाऱ्यांपैकी 2 आणि नुसतं खारं पाणी मारणाऱ्यांपैकी 10 जणांना करोना झाला. पण हा आधार किती नाजूक आहे तेही पाहा: एकूण 12 संसर्गांवर उभा असलेला निष्कर्ष, 2009 च्या बाळांच्या चाचणीइतकाच मोहक आणि तितकाच उलटू शकणारा. अडचणीही आहेत. नाकातला शेंबडाचा थर बारीक केसांच्या हालचालीनं सतत मागे सरकत असतो आणि मारलेला फवारा पाऊण तासही टिकत नाही. मग दिवसातून किती वेळा मारायचा? लोहानं रिकामं प्रथिन घ्यायचं की भरलेलं?

ही उत्तरं मिळवायची तर चाचणी पुरेशी मोठी हवी, आणि किती मोठी याचा हिशेब कुणालाही मांडता येतो. फवाऱ्यानं संसर्ग 5 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर येतो असं मानलं, आणि तो फरक खरा असेल तर तो हाती लागण्याची शक्यता 80 टक्के हवी असेल, तर प्रत्येक गटात सुमारे 1500 माणसं लागतात. दोन्ही गटांना सारखाच दिसणारा फवारा, कुणाला काय मिळालं हे देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, आणि यशाची कसोटी काय हे चाचणी सुरू होण्याआधीच जाहीर. करोनासाठी लॅक्टोफेरिनवर झालेल्या, वर सांगितलेल्या चाचण्यांतल्या माणसांची संख्या 32 (लॅक्टोफेरिन मिळालेले), 200, 218 अशी आहे. समर्थकांना या प्रथिनावर खरंच विश्वास असेल तर त्यांनी 3000 माणसांच्या चाचणीसाठी सरकारी पैसा मागावा, आणि तिचा निकाल येईपर्यंत डब्यावरून करोनाचं नाव काढावं.